वर्षभर राहिलेला समाचार: पाडव्याचे पुण्यातले चार दिवस

गुरुवार, ३१ मार्च २०२२

नगर ते पुणे एकशेवीस किलोमीटर. लहानपणी सकाळच्या एसटीत बसलं की दुपारी मामीच्या हातची आमटी ठरलेली असायची. यंदा तेवढंच अंतर कापायला आईला दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी ३ एप्रिलला मामा कोविडने गेला. त्याच दिवसापासून पुण्यात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी सुरू झाली, पीएमपीच्या बस थांबल्या आणि अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. आईला वीस काय, दोनशेची परवानगी असती तरी जाता आलं नसतं. ती स्वतःच पॉझिटिव्ह होती, नगरच्या घरात मागच्या खोलीत एकटी. सख्खा थोरला भाऊ गेल्याचं मी तिला दाराबाहेर उभं राहून सांगितलं. ती आतून म्हणाली, "बरं." पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जानेवारीत तिसरी लाट आली, आणि एसटीचा संप तर ऑक्टोबरअखेरपासून चालूच होता. तिथीने मामाचं वर्षश्राद्ध आठवड्यापूर्वी झालं. मामीने ते घरच्या चौघांतच उरकलं, कुणाला बोलावलं नाही. तेव्हा आई म्हणाली, "मला पाडव्याला वहिनीकडे जायचंय. कसंही ने."

माळीवाड्याजवळून खासगी बस मिळाली. ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लागला तरी चटका बसत होता. शिरूरच्या आसपास मागच्या सीटवरच्या एका मुलाने मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, गुढीपाडव्यापासून कोरोनाचे सगळे निर्बंध मागे आणि मास्क ऐच्छिक.

गाडीत आरडाओरडा होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि बाकी कुणी साथ दिली नाही तसा थांबला. पुढच्या बाईंनी विचारलं, "एवढ्याशा पोरांनीपण काढायचा का?" एक गृहस्थ म्हणाले, "पाचशेची पावती फाडलीय माझी, जपून ठेवलीय अजून," तेव्हा थोडं हसू फुटलं. आमच्या शेजारच्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी नाकावरचं उपरणं खाली घेतलं, एक मोठा श्वास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि उपरणं परत वर ओढलं. आईने मास्कची नाडी बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "आत्ता उठले होय."

येरवड्याला उतरून रिक्षा केली. रिक्षावाले काका बोलके होते. संचेती चौकाजवळ त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानाकडे बोट दाखवलं. "इथं जम्बो कोविड हॉस्पिटल होतं. आठशे खाटांचं. पेशंट सोडायला आलो की नातेवाइकांना गेटवरच थांबवायचे. पिशवी हातात घेऊन तिथंच बसायची माणसं, फुटपाथवर." मास्क काढणार का, असं मी विचारलं. म्हणाले, "मीटर टाकताना घालणार. सवारी कुठून आली, मला काय माहीत?"

मामीचं घर सदाशिव पेठेत, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आई कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मामी दारात उभी होती. तिच्या तोंडावर मास्क, आईच्याही. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना तशाच उभ्या राहिल्या. मामी म्हणाली, "वन्सं, आत या ना." आई हलली नाही. मग मामीनेच एक पाऊल पुढे टाकलं आणि आईने तिला मिठी मारली. मास्क कुणीच काढला नव्हता. दोन कापडांआडून दोघींचा हुंदका एकसारखाच ऐकू येत होता. जिन्यात हातात दोन पिशव्या घेऊन मी उभी होते. त्या खाली ठेवायचं भान मला बऱ्याच वेळाने आलं.

(नगरहून खासगी गाडीने येणाऱ्यांसाठी: चारच्या आत वाघोली ओलांडा. नंतर खराडीपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने चालते. सोबत म्हातारं माणूस असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच. हा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. आम्हाला ते शिरूरलाच कळलं होतं.)

शुक्रवार, १ एप्रिल

सकाळी सातला मी आणि मामेभाऊ मंडईत गेलो. महात्मा फुले मंडईची ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ सालची. तिच्या भोवतीने कडुलिंबाचे डहाळे, आंब्याची पानं आणि झेंडूचे ढीग लागले होते. साखरगाठी गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या, दोरीला टांगलेल्या. दोन वर्षांत पुण्यातला कुठलाच आवाज मला इतका आठवला नव्हता जितका मंडईतल्या फुलवालीचा, "ताई, घ्या की, ताजा आहे!"

अर्ध्या लोकांचे मास्क हनुवटीवर होते. नियम उठायला अजून एक दिवस होता, पण मला वाटतं ते नियमामुळे नव्हतं. पूर्ण काढायची तयारी नव्हती आणि घट्ट घालायचा कंटाळा आला होता. गाठीवाल्या मावशींनी तोंडावर पदर घेतला होता. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी दोन पोती गाठी घरात पाघळल्या. पाडव्याच्या दिवशीच सगळं बंद झालं ना." त्यांना तारीख सांगायची गरज नव्हती, पण लिहून ठेवते. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवसापासून राज्यात संचारबंदी जाहीर केली. म्हणजे सलग दोन पाडवे ह्या बाईंच्या टोपलीवरून गेले. मावशींनी आमच्या पिशवीत एक गाठ जास्तीची टाकली. मी पैसे द्यायला लागले तर म्हणाल्या, "राहू द्या, यंदा विकल्या जातायत."

(गाठी, डहाळे आणि फुलं आदल्या दिवशी सकाळीच घ्या, संध्याकाळी मंडईत पाय ठेवायला जागा नसते. डहाळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी टवटवीत राहतो. चारचाकी लक्ष्मी रस्त्याकडे आणूच नका.)

दुपारी जे झालं ते आमच्या कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

दीडच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. मामीशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि काही बोलल्याच नाहीत. त्या उठेपर्यंत मामाच्या बँकेतले दोन जुने सहकारी आले. मग कोपऱ्यावरचे किराणावाले. मग मामाचे शर्ट शिवणारे शिंपीकाका, त्यांच्या सुनेला घेऊन. प्रत्येकाने जवळजवळ एकच वाक्य म्हटलं, "तेव्हा येता आलं नाही." वरच्या आजींनी आणखी एक सांगितलं, "उद्या सण आहे. सणाच्या दिवशी असं यायचं नसतं, म्हणून आजच आले."

बँकेतले एक काका बराच वेळ खाली बघत बसले होते. मग म्हणाले, "वहिनी, मी आलो होतो त्या दिवशी. खाली रस्त्यावर उभा राहिलो. गॅलरीकडे बघून हात जोडले आणि गेलो. सहाच्या आत घरी पोचायचं होतं." मामीला हे ठाऊकच नव्हतं. ती उठून गॅलरीत गेली आणि खाली रस्त्यावर, ते उभे होते त्या जागेकडे, बघत राहिली. "कुठे उभे होतात?" तिने विचारलं. काकांनी येऊन बोटाने दाखवलं, समोरच्या विजेच्या खांबापाशी.

मी स्वयंपाकघरात चहाचं बघत होते. कप पुरेनात. मामी आत आली आणि म्हणाली, "माळ्यावर बघ, पितळी डब्यामागे बारा कप असतील. वर्षभर दोनच कप विसळतेय मी." मी स्टुलावर चढून कप काढले. त्यांच्यावर धुळीचा थर होता आणि ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. धुऊन पुसून ओळीने मांडले तेव्हा मामीने ते मोजले, बारा. "पुरे होतील," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते दोनदा धुवावे लागले.

वाहिन्यांवर त्या दिवशी सगळीकडे 'महाराष्ट्र मास्कमुक्त' चाललं होतं. रिपोर्टर लोकांना विचारत होते, "आनंद झाला का?" मला तो प्रश्न अपुरा वाटला. आनंद झाला, कुणाला नाही होणार? पण माणसांच्या संख्येवरची मर्यादा उठल्यावर पहिल्यांदा काय करावंसं वाटलं, हे त्यांनी विचारायला हवं होतं. आमच्या जिन्यात त्याचं उत्तर होतं. लोक आधी राहून गेलेला समाचार पुरा करायला आले. सरकारने पाडव्याची मुक्ती जाहीर केली ती चांगलीच केली, पण त्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, गेलेल्यांसाठी दोन मिनिटं गावोगाव भोंगा वाजवला असता तर ती जाहीर गोष्ट आम्हा सगळ्यांची झाली असती. अजूनही करता येईल.

रात्री मामेभावाने हट्टाने बालगंधर्वला नेलं. मामा दर महिन्याला एक नाटक बघायचा, त्याची जागा पहिल्या दहा रांगांत ठरलेली. पुण्यातली नाट्यगृहं पूर्ण क्षमतेने भरायला मार्चच्या सुरुवातीलाच परवानगी मिळाली होती, पण आमच्यासाठी ते पहिलंच नाटक. बसायला गेले तर खुर्चीच्या पाठीवर डिंकाचा चौकोनी डाग होता. 'येथे बसू नये'चा कागद चिकटवून खरवडून काढलेला. एक कोपरा अजून शिल्लक होता, त्यावर 'नये' मधला 'न' दिसत होता. मी नखाने तो काढायला गेले आणि मग तसाच राहू दिला. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, आणि माझ्या डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे अनोळखी माणसांची कोपरं लागली. दोन वर्षांनी.

(मध्यंतरात बटाटावडा घ्यायचाच, पण पडदा पडायच्या आधी एकाने रांगेत जाऊन उभं राहावं. नाटक अर्धवट सोडणं पटत नसेल तर वड्याची आशा सोडा.)

शनिवार, २ एप्रिल: गुढीपाडवा

पहाटे साडेपाचला ताशाच्या आवाजाने जाग आली. पेठेतली शोभायात्रा निघायची होती, त्याची जुळवाजुळव चालली होती. गॅलरीतून पाहिलं तर नऊवारीतल्या मुली बुलेटवर बसून फोटो काढत होत्या. मास्क एकीच्याही तोंडावर नव्हता. एकीने मात्र तो मनगटाला बांधला होता, राखीसारखा.

घरात गुढी उभारायची तयारी झाली. वेळूची काठी धुतली, तिला हळदीकुंकवाची बोटं ओढली. मामीने कपाटातून जरीचा खण काढला, मोरपंखी. मग तांब्या. तो मामाचा पाणी प्यायचा तांब्याचा तांब्या होता, रोज रात्री भरून उशाशी ठेवायचा तो. बुडाला एक पोचा होता. चिंच आणि मीठ लावून मामीने तो आदल्या रात्रीच घासून लख्ख केला होता. पोच्यातला काळा डाग मात्र निघाला नव्हता.

काठी कुणी बांधायची, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही, पण सगळे थांबले. इतकी वर्षं मामाच बांधायचा. मामेभाऊ पुढे आला तशी मामी मागे सरकून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली, जणू तिची जागा आता तिथेच. आईला ते दिसलं. ती गुडघा सांभाळत उठली, मामीचा हात धरून तिला गॅलरीत आणलं आणि म्हणाली, "वहिनी, तांब्या तुम्ही उपडा घाला. दादाचा आहे." मामी म्हणाली, "वन्सं, मला चालतं का?" आई म्हणाली, "त्याच्या उशाशी पाणी तुम्हीच ठेवत होतात ना? मग?" मी आईला आजवर इतकं ठाम बोलताना फारच कमी वेळा ऐकलंय. मामीने खण चुण्या करून काठीला बांधला, कडुलिंबाचा डहाळा खोवला, गाठ आणि हार घातला, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही हातांनी तो तांब्या पालथा घातला. मामेभावाने काठी कठड्याला घट्ट बांधली. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी तिथूनच हात जोडले.

ऊन तांब्यावर पडलं तेव्हा पोच्याजवळ एक छोटा कवडसा गॅलरीच्या भिंतीवर हलत होता. मामी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

जेवायला श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, कैरीची डाळ. चक्क्यासाठी मामेभाऊ सकाळी पाऊण तास रांगेत उभा होता. त्याआधी कडुलिंबाची चटणी: कोवळी पानं, फुलं, गूळ, ओवा, जिरं, हिंग, चिंच, मीठ. मामीच्या हाताला अजून तीच चव आहे, आधी गूळ लागतो आणि मग घशाशी कडू.

जेवताना मामेभावाने एक कागद दाखवला. मामाच्या लशीचा. साठीच्या वरच्यांना लस १ मार्च २०२१ पासून सुरू झाली आणि मामाने दुसऱ्याच आठवड्यात पहिला डोस घेतला होता. खाली दुसऱ्या डोसची तारीख होती. तोवर तो राहिला नाही. ती लस ह्याच शहरात, हडपसरजवळ मांजरीला तयार होत होती. मामाला त्याचा किती अभिमान होता! जानेवारीत तिथून लशीचे पहिले ट्रक निघाले तेव्हा त्याने आईला फोन करून टीव्ही लावायला सांगितलं होतं. उशिराने का होईना, बाकी घराचे दोन्ही डोस झाले आणि म्हणून आम्ही आज ह्या ताटांवर बसलो आहोत, हे मामेभाऊ हळू आवाजात म्हणाला. कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी आईला मेट्रो दाखवली. ६ मार्चला सुरू झालेली, अजून नव्या कोऱ्या वासाची. गरवारे कॉलेज ते वनाज, वीस रुपये. डब्यात अर्धे लोक प्रवासी आणि अर्धे आमच्यासारखे बघे. एक परिचारिका ड्यूटीवरून घरी चालली होती, फक्त तिच्या तोंडावर घट्ट मास्क होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना कायमचे काळे वण पडले होते. आईने तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःचा, हनुवटीवर आलेला मास्क वर केला. त्या बाई हसल्या. डोळ्यांतून कळलं.

(मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, गुडघेदुखीवाल्यांना अडचण नाही. संध्याकाळी साडेपाचला बसा, वरून कर्वे रस्ता उन्हात सोनेरी दिसतो.)

परतताना मामेभावाने गाडी गंज पेठेतून घेतली. मोमीनपुऱ्यात रमझानचे स्टॉल उभे राहत होते, बांबू, ताडपत्री, दिव्यांच्या माळा. चंद्र दिसल्याची बातमी आली आणि गल्लीत एकदम गळाभेटी सुरू झाल्या. खजूर तोलणारे एक चाचा म्हणाले, "दो साल घर में ही नमाज पढी. आज पाडवा, कल रोजा. दोन्ही एकदम सुटले बघा." पाव किलो खजूर मामीसाठी घेतला.

रविवार, ३ एप्रिल

आईने चहा पिताना सांगितलं, "मला वैकुंठात जायचंय." आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "आत्या, तिथे आता काही नाही बघायला." आई म्हणाली, "जागा आहे ना?"

गेल्या वर्षी त्याच दिवशी मामेभाऊ तिथे एकटा होता. रुग्णालयातून शववाहिका थेट तिथे गेली, पीपीई किट घातलेल्या माणसांनी सगळं केलं. त्याने लांबून फोन धरला आणि आईने नगरच्या मागच्या खोलीत मिनिटभर पाहिलं, मग नेटवर्क गेलं. तेवढ्यावरच तिचा भाऊ संपला होता.

फाटकापाशी सावलीत एक कर्मचारी बसले होते. आईने त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीच ओळखलं. "मागच्या वर्षीचे का? येतात हो रोज कुणीतरी. कालपण आले होते, सणाच्या दिवशी." त्यांनी आतली बाजू हाताने दाखवली. म्हणाले, "तेव्हा रात्रंदिवस चालू होतं. आम्ही घरी जाऊन अंगणातच आंघोळ करायचो. पण एक सांगतो आजी, नमस्कार केल्याशिवाय एकालाही आत सोडलं नाही आम्ही." आईने त्यांच्यापुढे हात जोडले. ते एकदम उठून उभे राहिले.

आईने सोबत आणलेली पिशवी उघडली. कालच्या गुढीची गाठ होती, संध्याकाळी गुढी उतरवल्यावर काढून ठेवलेली. तिने ती भिंतीच्या कडेला ठेवली, मग विचार बदलून तिचे दोन तुकडे केले, एक तिथे आणि एक त्या कर्मचाऱ्यांच्या हातावर. "दादाला गोड लागायचं," ती म्हणाली.

दुपारी तीनला येरवड्याहून गाडी मिळाली. मामीने डब्यात पुऱ्या आणि कडुलिंबाची चटणी दिली होती. शिकरापूरच्या पुढे तिचा फोन आला. "वन्सं, कुठवर आलात? खिडकी बंद करा, झळा लागतील. मास्क घातलाय ना?"

मास्क आईच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. आई म्हणाली, "घालते." आणि फोन खांद्याला टेकवून तिने तो घातला.